सोनेरी पाठ सगळ्यांचीच: सारखे दिसणारे सुतार पक्षी कसे ओळखावेत

सुतार पक्षी दिसला, एवढे सांगायला फारसा सराव लागत नाही. उभ्या खोडाला नखांनी घट्ट धरून, ताठ शेपटीचा टेकू देऊन, लहान लहान उड्या मारत वर सरकणारा पक्षी एकदा नीट पाहिला, की पुढच्या वेळी तो दुरूनही कळतो. खरी अडचण त्यानंतर येते. महाराष्ट्र आणि गोव्यात सुतारांच्या दहाहून अधिक जाती आढळतात आणि त्यांतल्या काही एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, जंगलातून परतल्यावर पुस्तक उघडले तरी दोन-तीन चित्रांमध्ये बोट अडकून राहते. बहुतेक वेळा पक्षी पुरेसा दिसलेला असतो, पण नजर नको त्या जागी खिळलेली असते. सोनेरी पाठ आणि लाल तुरा या दोन गोष्टी सर्वांत आधी दिसतात आणि सर्वांत जास्त लक्षात राहतात. सोनपाठी सुतारांच्या जवळजवळ प्रत्येक जातीत त्या असल्यामुळे जात ठरवताना मात्र त्यांचा काहीच उपयोग होत नाही. वेगळेपण असते ते मानेच्या मागच्या बाजूला, कमरेवर आणि गालावर.

या पक्ष्यांची मराठी नावे प्रदेशागणिक आणि पुस्तकागणिक बदलतात, म्हणून पहिल्या उल्लेखाच्या वेळी मराठी नावाबरोबर इंग्रजी क्षेत्रपुस्तिकांतले प्रचलित नावही येथे दिले आहे. ‘कंबर’ हा शब्द पाठ संपून शेपटी सुरू होते त्या भागासाठी वापरला आहे. पंख मिटलेले असताना हा भाग झाकलेला असतो आणि बराचसा गोंधळ त्यातूनच होतो. आणखी एक खुलासा आधीच करायला हवा: डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला, जमिनीवर चालत लांब, बाकदार चोचीने माती उकरणारा हुदहुद अनेक घरांत सुतार पक्षी म्हणूनच ओळखला जातो, पण तो या कुळातला नाही. खोडावर डोके खाली करून उतरणारा चिमुकला निळसर पक्षी दिसला, तर तो शिलींध्री होय. सुतार सहसा डोके वरच ठेवतो आणि खाली यायचे झाले तर पाठमोऱ्या उड्या मारत येतो.

मान आणि कंबर: चार जातींचा उलगडा

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ सोनेरी पाठीच्या सुतारांत होतो, म्हणून सुरुवात तेथूनच करू. या गटात विचारात घ्यावयाच्या जाती चार आहेत. पहिला साधा सोनपाठी सुतार, म्हणजे ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक. दुसरा मोठा सोनपाठी सुतार, म्हणजे ग्रेटर फ्लेमबॅक. तिसरा पांढऱ्या मानेचा सुतार, म्हणजे व्हाइट-नेप्ड वुडपेकर. आणि चौथा तीन बोटांचा सोनपाठी, म्हणजे कॉमन फ्लेमबॅक. सह्याद्रीतल्या मोठ्या सोनपाठीला काही अभ्यासक आता मलबार फ्लेमबॅक अशी स्वतंत्र जात मानतात. पण रानात ओळखण्याच्या खुणा त्यामुळे बदलत नाहीत.

पक्षी पाठमोरा दिसत असेल तर स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. मानेची मागची बाजू काळी आहे की पांढरी? कंबर काळी आहे की लाल? या दोन प्रश्नांच्या उत्तरांच्या चार जोड्या होतात आणि सुदैवाने प्रत्येक जोडी आपल्या भागातल्या एकेकाच जातीशी जुळते. मानही काळी आणि कंबरही काळी असेल तर तो साधा सोनपाठी. मान पांढरी आणि कंबर लाल असेल तर मोठा सोनपाठी. मान पांढरी पण कंबर काळी असेल तर पांढऱ्या मानेचा सुतार. मान काळी पण कंबर लाल असेल तर तीन बोटांचा सोनपाठी. पुस्तकातल्या अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा एवढ्या चार जोड्या पाठ करून निघणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण पक्षी दुर्बिणीत अनेकदा काही क्षणच टिकतो आणि तेवढ्या वेळात दोन गोष्टी पाहता येतात, दहा नाही.

मान पाहताना एक काळजी घ्यावी. नराचा लाल तुरा खाली बसलेला असेल तर त्याची पिसे मानेच्या वरच्या भागावर येतात आणि मानच लाल असल्याचा भास होतो. म्हणून तुऱ्याचे टोक संपते तेथपासून पाठीचा सोनेरी रंग सुरू होतो तेथपर्यंतच्या पट्ट्याकडे पाहावे. मोठ्या सोनपाठीत हा पट्टा स्वच्छ पांढरा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना काळी किनार असते. पांढऱ्या मानेच्या सुतारात हा पांढरा रंग मानेवर थांबत नाही, तर तसाच पुढे पाठीवर उतरून खाली निमुळता होत जातो. त्याचे खांदे काळे असल्याने पाठीवर पांढऱ्या त्रिकोणाभोवती इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा आकार उमटतो. या जातीत सोनेरी रंग मुख्यतः पंखांवरच राहतो, आणि एकदा ही पाठ पाहिली की तिची गफलत दुसऱ्या कोणाशी होत नाही.

कमरेसाठी मात्र पक्षी उडण्याची वाट पाहावी लागते. सुतारांचे उडणे लाटांसारखे असते: काही वेळा भराभर पंख मारायचे, मग ते अंगाशी मिटून थोडे खाली यायचे, पुन्हा पंख मारून वर चढायचे. खोड सोडताना आणि दुसऱ्या खोडावर बसण्याआधी पंख उघडतात तेव्हा कंबर उघडी पडते. म्हणून पक्षी उडाला की दुर्बीण खाली न घेता त्याच्यामागे फिरवत राहावी. लाल कंबर असेल तर ती त्या क्षणी झळकते आणि सहसा शंका उरत नाही. काळी कंबर मात्र सावलीत कोणत्याही पक्ष्याची वाटू शकते, म्हणून ‘लाल दिसली नाही’ आणि ‘काळी दिसली’ या दोन नोंदी वेगळ्या मानाव्यात.

चेहरा, डोके आणि चोच

पक्षी बाजूने दिसत असेल तर गाल आणि गळा पाहावा. साध्या सोनपाठीचा गळा काळा असून त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. डोळ्यातून मागे जाणारी एक काळी पट्टी असते, पण चोचीच्या मुळापासून गालावरून खाली उतरणारी मिशीसारखी रेघ नसते. दुरून पाहिले तर त्याचा गळा एकंदरीत गडद वाटतो. मोठ्या सोनपाठीचा गळा पांढरट असतो आणि त्यावर काळ्या रेघा वेगवेगळ्या दिसतात. त्यांतली मिशीची रेघ दुहेरी असते: चोचीच्या मुळापासून दोन बारीक रेघा निघतात, मध्ये पांढरा लांबट तुकडा ठेवतात आणि मागे जाऊन पुन्हा मिळतात. पांढऱ्या मानेच्या सुतारालाही अशीच दुहेरी मिशी असते, म्हणून या दोघांना केवळ गालावरून वेगळे करू नये. तीन बोटांच्या सोनपाठीत मिशीची रेघ एकेरी असते.

साध्या सोनपाठीची आणखी एक खूण बाजूने छान दिसते, तरी तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. मिटलेल्या पंखाचा खांद्याजवळचा भाग काळा असून त्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. मोठ्या सोनपाठीचा हा भाग बिनठिपक्यांचा असतो. कंबर झाकलेली आहे, मान फांदीआड आहे आणि पक्षी उडायचे नाव घेत नाही, अशा वेळी खांद्यावरचे ठिपके निर्णय देऊन जातात.

माद्यांच्या डोक्यांवरून तर या जाती नरांपेक्षाही सहज वेगळ्या होतात, आणि म्हणूनच जोडी दिसली की आधी मादी शोधावी असे माझे मत आहे. नरांचे डोके चारही जातींत लाल असते. माद्यांचे मात्र प्रत्येक जातीत निराळे. साध्या सोनपाठीच्या मादीचे कपाळ आणि डोक्याचा पुढचा भाग काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो आणि मागचा तुरा तेवढा लाल असतो. मोठ्या सोनपाठीच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग नसतोच. सगळे डोके काळे आणि त्यावर गोल पांढरे ठिपके. तीन बोटांच्या सोनपाठीच्या मादीचेही डोके काळेच, पण त्यावर ठिपक्यांऐवजी पांढऱ्या रेषा असतात. पांढऱ्या मानेच्या सुताराच्या मादीचा तुरा पिवळा असतो, आणि उन्हात तो इतका उठून दिसतो की नवख्या माणसालाही प्रश्न पडत नाही. थोडक्यात, पुढे काळे आणि मागे लाल अशा दुरंगी डोक्याचा सोनपाठी दिसला तर ती बहुधा साध्या सोनपाठीची मादी असते, पण मान आणि कंबर पाहून खात्री करून घ्यावी.

आकाराचा उपयोग आहे, पण जपून करावा. साधा सोनपाठी २६ ते २९ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे साळुंकीहून मोठा असतो. मोठा सोनपाठी सुमारे ३३ सेंटिमीटरचा, कबुतराएवढा. तर पांढऱ्या मानेचा सुतार सुमारे २९ सेंटिमीटरचा. एकटा पक्षी उंच खोडावर असताना हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा चोच पाहावी. मोठ्या सोनपाठीची चोच लांब, सरळ आणि जाड असून जवळजवळ डोक्याच्या लांबीएवढी असते, तर साध्या सोनपाठीची चोच डोक्याच्या मानाने आखूड दिसते. मोठ्या सोनपाठीचा डोळाही फिकट, पिवळसर पांढरा असतो आणि त्यामुळे त्याचा चेहरा काहीसा रोखून पाहिल्यासारखा वाटतो. तीन बोटांच्या सोनपाठीचा डोळा गडद असतो. त्याच्या पायाला नावाप्रमाणे तीनच बोटे असतात, पण ती मोजणे चांगल्या छायाचित्रातच शक्य होते.

जागेचा विचार पक्षी पाहण्याआधी करावा, पाहून झाल्यावर नव्हे. शहरातली बाग, रस्त्याकडेचे वड-पिंपळ, आमराई, कोकणातली नारळीची वाडी येथे दिसणारा सोनपाठी जवळजवळ नेहमी साधा सोनपाठी असतो. मुंबई-पुण्यापासून विदर्भापर्यंत तो सर्वत्र आहे आणि माणसाच्या वस्तीला बुजत नाही. मोठ्या सोनपाठीला मोठी, जुनी झाडे असलेले दाट जंगल लागते, म्हणून त्याची अपेक्षा सह्याद्रीतल्या आणि त्याच्या पायथ्याच्या दमट रानांत धरावी. कर्नाळ्यासारख्या ठिकाणी साधा आणि मोठा असे दोन्ही भेटू शकतात आणि तुलनेसाठी अशा जागा उत्तम. पांढऱ्या मानेचा सुतार विरळ, शुष्क पानझडी जंगलातला आहे. मेळघाट आणि ताडोबाच्या परिसरात त्याच्यावर लक्ष ठेवावे. तीन बोटांचा सोनपाठी हा प्रामुख्याने गोव्यापासून दक्षिणेकडे, कर्नाटक-केरळच्या घाटांतला पक्षी आहे. महाराष्ट्रात त्याची नोंद करण्याची वेळ आली तर मान, कंबर आणि मिशी या तिन्ही गोष्टी दिसलेल्या असल्याच पाहिजेत आणि शक्य तर छायाचित्रही हवे. केवळ ‘लाल कंबर, पण आकाराने लहान’ एवढ्यावर ती नोंद करू नये. कुमाऊँकडे पक्षी पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे की वरच्या चार जोड्यांचे सूत्र तेथे तसेच्या तसे चालत नाही, कारण काळी मान आणि लाल कंबर असलेला हिमालयन फ्लेमबॅक हा निराळा सोनपाठी त्या भागात आहे.

हिरव्या सुतारांची जोडी

सह्याद्रीत हिरव्या रंगाचे दोन सुतार विचारात घ्यावे लागतात. रेघांच्या गळ्याचा सुतार, म्हणजे स्ट्रीक-थ्रोटेड वुडपेकर, सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो. पिवळ्या मानेचा लहान सुतार, म्हणजे लेसर यलोनेप, २५ ते २७ सेंटिमीटरचा. येथेही कंबर फसवते, कारण दोघांची कंबर पिवळसर असते. उडताना पिवळे झळकले म्हणून ‘यलोनेप’ लिहून मोकळे होणे ही नवशिक्यांची नेहमीची घाई आहे. पिवळेपणा मानेवर, तुऱ्याच्या टोकाशी आहे का, हे पाहावे. तसा पिवळा झुपका असेल आणि गालावर पांढरी रेघ असेल तर तो यलोनेप. मानेवर पिवळे नसेल आणि गळ्यावर रेघा, छातीपोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असेल तर रेघांच्या गळ्याचा सुतार. यलोनेपचे पोट खवल्यांचे नसते. दक्षिणेकडच्या उपजातीत ते गडद हिरवट असून त्यावर पांढुरके ठिपके असतात.

वागण्यातला फरकही मोलाचा आहे. रेघांच्या गळ्याचा सुतार मुंग्या आणि वाळवी टिपण्यासाठी वरचेवर जमिनीवर उतरतो, आणि पायवाटेवरून हिरवा, साळुंकीहून मोठा पक्षी उडून जवळच्या खोडाला चिकटला तर पहिला विचार त्याचाच करावा. यलोनेप दमट जंगलात, झाडांच्या मधल्या थरात, इतर पक्ष्यांच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो. त्याची एकसुरी, लांबवलेली, खाली उतरत जाणारी करुण शीळ बहुधा पक्षी दिसण्याआधी ऐकू येते. पुस्तकात याच्या शेजारी ग्रेटर यलोनेप आणि स्केली-बेलीड वुडपेकर यांची चित्रे असतात, ती पाहून मन विचलित होऊ देऊ नये. पहिला सह्याद्रीत आढळत नाही आणि दुसरा हिमालयातला आहे.

लहान सुतार

लहान, काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी-पांढऱ्या सुतारांतही गोंधळ दोघांतच होतो. मराठा सुतार, म्हणजे यलो-क्राउन्ड वुडपेकर, हा १७ ते १८ सेंटिमीटरचा. १८०१ मध्ये लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने त्याला दिलेल्या शास्त्रीय नावात ‘मऱ्हाट्टेन्सिस’ असा शब्द आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो मराठा वुडपेकर म्हणूनच येतो. दुसरा तपकिरी डोक्याचा पिटुकला सुतार, म्हणजे ब्राउन-कॅप्ड पिग्मी वुडपेकर. हा केवळ १३ सेंटिमीटरचा, चिमणीहूनही लहान.

मराठा सुताराचे कपाळ पिवळे असते. नराच्या डोक्याचा मागचा भाग लाल, तर मादीचे सगळे डोके पिवळसर तपकिरी. पाठ काळपट असून तिच्यावर अनियमित पांढरे ठिपके विखुरलेले असतात, छातीवर तपकिरी रेघा आणि पोटाच्या मध्यावर लाल डाग असतो. हा पोटावरचा डाग खोडाला चिकटलेल्या पक्ष्यात दिसत नाही. पक्षी आडव्या फांदीच्या खालून सरकत असेल तेव्हा पाहावा. पिटुकल्या सुताराचे डोके साधे तपकिरी, पाठीवर तपकिरी-पांढरे आडवे पट्टे, डोळ्यामागे रुंद तपकिरी पट्टी आणि डोळा फिकट असून त्याभोवती तांबूस कडा असते. नराच्या डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना लाल रंगाची बारीकशी रेघ असते. ती दिसली तर आनंद मानावा, पण ती दिसण्याची वाट पाहत ओळख रोखून धरू नये. पाठीवर ठिपके की पट्टे, आणि कपाळ पिवळे की तपकिरी, एवढ्याने काम होते.

दोघांची आवडीची रानेही वेगळी आहेत. मराठा सुतार कोरड्या, मोकळ्या प्रदेशातला: बाभळी, कडुनिंब, माळावरची विखुरलेली झाडे, शेताच्या बांधावरचा आंबा. पिटुकला सुतार जंगलातल्या झाडांच्या शेंड्याकडे, पेन्सिलएवढ्या काटक्यांवर काम करतो आणि मिश्र थव्यात असतो. मान वर करून थवा पाहताना तो हमखास निसटतो. गोव्याच्या जंगलात त्याहून लहान, सुमारे १० सेंटिमीटरचा स्पेकल्ड पिक्युलेट भेटू शकतो. त्याची पाठ हिरवट, पोटावर काळे ठिपके आणि चेहऱ्यावर दोन पांढऱ्या रेघा असतात, शिवाय त्याची शेपटी टेकू देण्याइतकी ताठ नसते.

हृदयांकित सुतार, म्हणजे हार्ट-स्पॉटेड वुडपेकर, सुमारे १६ सेंटिमीटरचा असूनही आकृतीवरूनच ओळखू येतो: मोठे तुरेवाले डोके, बारीक मान आणि जवळजवळ नसल्यासारखी आखूड शेपटी. दमट सह्याद्रीत आकाशाच्या पार्श्वभूमीवर नुसती काळी छाया दिसली तरी पुरे. पंखांवरचे काळे, हृदयाच्या आकाराचे ठिपके हा त्यावरचा पुरावा. नर-मादी दोघांतही लाल रंग अजिबात नसतो. नराचे कपाळ काळे आणि मादीचे पांढरे, म्हणून पांढऱ्या कपाळाचा पक्षी ही वेगळी जात समजू नये.

उरलेले दोन सुतार फारसे फसवत नाहीत. तांबूस सुतार, म्हणजे रुफस वुडपेकर, सुमारे २५ सेंटिमीटरचा, सबंध अंगाने तांबूस तपकिरी आणि त्यावर काळे आडवे पट्टे असलेला. नराच्या डोळ्याखाली लाल रंगाची लहानशी कोर असते. झाडावर बांधलेल्या क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांच्या जिवंत वारुळातच तो स्वतःचे घरटे कोरतो, त्यामुळे अशी काळपट, गोलसर वारुळे दिसली की तो आसपास असण्याची शक्यता धरावी. त्याचे ढोलवादन, म्हणजे खोडावर चोच भराभर आपटून केलेला आवाज, बंद पडत चाललेल्या इंजिनासारखे हळूहळू मंदावते आणि अर्ध्यावर थांबते, आणि या एका खुणेवर जात लिहिली तरी चालते. पांढऱ्या पोटाचा काळा सुतार, म्हणजे व्हाइट-बेलीड वुडपेकर, सुमारे ४८ सेंटिमीटरचा, म्हणजे डोमकावळ्याएवढा असतो. तिलारी, आंबोली, कोयना यांसारख्या भागांत आणि गोव्याच्या घाटजंगलांत तो आहे. नराचा तुरा आणि गालावरची मिशी लाल. मादीत लाल रंग फक्त डोक्याच्या मागच्या भागावर. त्याच्या उडण्यात इतर सुतारांइतकी लाट नसल्याने वरून जाताना तो कावळाच समजला जातो. पोटाचा आणि कमरेचा पांढरा रंग पाहिला की प्रश्न मिटतो. हिवाळ्यात येणारी मानमोडी, म्हणजे युरेशियन रायनेक, याच कुळातली असली तरी ती लाकूड कोरत नाही. तिचा रंग सुकलेल्या सालीसारखा करडा-तपकिरी असतो आणि ती बहुतेक वेळ जमिनीवर मुंग्या टिपत असते.

आवाजावर किती विसंबावे

साध्या सोनपाठीचा खडखडाटी, हसल्यासारखा, मोठा आवाज उडतानाही येतो आणि शहरात तो सहज ऐकू येतो. पांढऱ्या छातीच्या खंड्याची ओरड त्याच्याशी बरीच मिळती असल्यामुळे पाण्याजवळ केवळ आवाजावरून सुतार लिहू नये. मोठ्या सोनपाठीचा आवाज अधिक धारदार, धातूसारखा आणि एकाच पट्टीत वेगाने चालणारा असतो. दाट जंगलात तो एखाद्या रातकिड्याचाच आहे असे वाटून दुर्लक्षिला जातो. पांढऱ्या मानेच्या सुताराचा आवाज पातळ आणि तुलनेने क्षीण. दोन-तीन वेळा पक्षी डोळ्यांसमोर ओरडताना पाहिला, की हे फरक कानात बसतात. त्याआधी मर्लिनसारख्या, आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अॅपने सुचवलेले नाव हा शोधाचा आरंभ मानावा, निकाल नव्हे. ढोलवादनावरून, तांबूस सुताराचा अपवाद सोडता, जात ठरवण्याच्या फंदात पडू नये.

प्रत्यक्ष पाहताना

सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी जागा घ्यावी. प्रकाशाविरुद्ध पाहिले तर सोनेरी पाठ हिरवी दिसते आणि हिरवी पाठ काळी, शिवाय कमरेचा रंग पूर्ण नाहीसा होतो. ८ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी आहे. त्याहून अधिक पटीची दुर्बीण हातात तेवढी स्थिर राहत नाही आणि झाडांमधून उडणाऱ्या पक्ष्यामागे तितकी सहज फिरवताही येत नाही. पक्षी खोडाच्या मागे गेला तर त्याच्यामागे गोल फिरू नये, कारण तोही आपल्यापासून दूर सरकत फिरत राहतो. जागीच थांबावे, तो थोड्या वेळाने वरच्या बाजूला पुन्हा दिसतो. छायाचित्र घेणाऱ्यांनी एकाच सुंदर मुद्रेचे चाळीस फोटो काढण्याऐवजी एक बाजूचा, एक पाठमोरा आणि एक उडतानाचा असे तीन मिळवण्याचा प्रयत्न करावा. उडतानाचा फोटो अस्पष्ट आला तरी त्यात कमरेचा रंग कळतो आणि ओळखीसाठी तोच सर्वांत मोलाचा ठरतो.

पानझडीनंतरचे महिने, म्हणजे माघ ते चैत्र, यासाठी सर्वांत सोयीचे. खोडे उघडी असतात, बहुतेक जातींची वीण सुरू झालेली किंवा व्हायची असते, त्यामुळे पक्षी जोडीने फिरतात आणि बोलतातही अधिक. सावर, पांगारा आणि पळस फुललेला असेल तर त्याखाली उभे राहावे; मधासाठी येणाऱ्या गर्दीत सुतारही असतात आणि फुलांवर ते खोडापेक्षा मोकळे दिसतात. ढोली सापडली तर मात्र लांबूनच पाहावे आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नये. वीण चालू असताना नर-मादी आळीपाळीने ढोलीत बसतात, आणि खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे गेलेल्या पक्ष्याची अंडी तेवढा वेळ उघडी पडतात.

नोंद लिहिताना नावापासून सुरुवात करू नये. आधी मान, कंबर, गाल, डोके, खांदा यांपैकी जे प्रत्यक्ष दिसले ते, ज्या क्रमाने दिसले त्या क्रमाने लिहावे. जे दिसले नाही त्यासमोर ‘दिसले नाही’ असे लिहावे. आणि मग नाव. नाव आधी लिहिले की न दिसलेली खूणही आठवू लागते. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणाऱ्यांना जात निश्चित नसेल तर केवळ फ्लेमबॅक एवढीच नोंद करण्याची सोय आहे, तिचा वापर करायला संकोच करू नये. पाठ सोनेरी दिसली, तुरा लाल दिसला आणि पक्षी उडून गेला, अशा नोंदीसाठी तोच योग्य रकाना आहे.